फंकीटाउन: गाव सोडायचं गाणं

(मंडळाच्या ईडन प्रेरीतल्या रविवारच्या गप्पांमध्ये केलेलं भाषण. तपशील लिहिताना जरा नीट लावून घेतले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय ईमेलवर जाहीर झाला तेव्हा मला दोन फोन आले. एकानं विचारलं, "काका, खरंच डिस्को? का छपाईची चूक?" दुसरा फोन आपल्या एका ज्येष्ठ ताईंचा. त्या म्हणाल्या, "यंदा डिस्को होऊन जाऊ दे, पण पुढच्या वेळी बालगंधर्वांवर बोला बरं का." ताईंना मी शब्द दिला आहे. पण आत्ता गाणं चालू असताना त्यांचा उजवा पाय काय करत होता तेही मी पाहिलं आहे!

तर आत्ता तुम्ही ऐकलंत ते गाणं म्हणजे 'फंकीटाउन'. लिप्स इंक या नावाखाली निघालेलं, १९८० सालचं. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ऐकलं असेल, निम्म्यांनी मुलांबरोबर 'श्रेक २' बघताना. ते नाचायचं गाणं आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते आपल्या गावचं गाणं आहे हे मात्र इथं वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून आजचा खटाटोप.

हे गाणं इथं मिनियापोलिसमध्ये तयार झालं. स्टीव्हन ग्रीनबर्ग नावाच्या तरुणानं ते लिहिलं, चाल लावली आणि बहुतेक वाद्यंही स्वतःच वाजवली. 'लिप्स इंक' हे नाव म्हणजे कोटी आहे. भरभर म्हणून बघा, 'लिप सिंक' असं ऐकू येतं. आपल्याकडच्या सिनेमात पडद्यावरची नटी ओठ हलवते आणि आवाज लताबाईंचा असतो, तेच ते. आवाज होता सिंथिया जॉन्सन हिचा. ती १९७६ साली 'मिस ब्लॅक मिनेसोटा' झाली होती. फ्लाइट टाइम नावाच्या स्थानिक बँडमध्ये ती गायची आणि सॅक्सोफोनही वाजवायची. त्याच बँडमध्ये जिमी जॅम आणि टेरी लुईस होते. या जोडीनं पुढं आपल्या शेजारच्या एडायनामध्ये स्टुडिओ थाटला आणि जॅनेट जॅक्सनचा १९८९ चा 'रिदम नेशन'ही याच जोडीनं तयार केला. म्हणजे आपण जिथं मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडतो, त्या रस्त्यांवर हे सगळं घडत होतं.

ईडन प्रेरीचाही यात वाटा आहे. पेझली पार्क १९८७ मध्ये शेजारच्या चॅनहॅसनमध्ये उभं राहिलं. त्याआधी प्रिन्स फ्लाइंग क्लाउड ड्राइव्हवरच्या एका गोदामात काम करायचा. 'अराउंड द वर्ल्ड इन अ डे' या १९८५ च्या अल्बमचा काही भाग तिथं रेकॉर्ड झाला. आपण त्या रस्त्यानं विमानतळाच्या बाजूला रोज जातो, पण कोणी गाडी हळू करून बघत नाही.

'फंकीटाउन' जिथं रेकॉर्ड झालं तो स्टुडिओ म्हणजे मिनियापोलिसचा साउंड ८०. बॉब डिलननं 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'मधली पाच गाणी १९७४ च्या डिसेंबरात तिथं नव्यानं रेकॉर्ड केली. प्रिन्सनं उमेदवारीच्या काळातले डेमो तिथं केले. आपल्यातले बरेच जण ज्या थ्रीएममध्ये नोकरी करतात किंवा करत होते, त्या थ्रीएमच्या डिजिटल टेपरेकॉर्डरवर सुरुवातीची डिजिटल रेकॉर्डिंग झाली तीही तिथंच. आणि गंमत बघा. ती इमारत १९९० पासून ऑरफिल्ड लॅबोरेटरीज या ध्वनिप्रयोगशाळेकडे आहे. तिथल्या एका खोलीला २००४ साली 'जगातली सर्वांत शांत जागा' म्हणून गिनेस बुकानं नोंदवलं. ज्या इमारतीतून जगाला नाचवणारं गाणं निघालं, तिथं आता माणसाला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात.

आता गाण्याकडे वळतो. त्यात आहे काय? ठेका सरळ आहे, चार मात्रांचा. प्रत्येक मात्रेवर ड्रम पडतो. लेझीम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यावर सिंथेसायझरची एक छोटी तान आहे, दोन ओळींचीही नाही. पाच वर्षांचं पोर एकदा ऐकून ती गुणगुणतं. आणि आवाज दोन तऱ्हेचे आहेत. आधी व्होकोडर नावाच्या यंत्रातून गाळून काढलेला, यंत्रमानवासारखा. मग सिंथियाचा मोकळा, भरदार आवाज येतो आणि खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

आणि अर्थ? अर्थ एका वाक्यात सांगता येतो: मला हे गाव सोडायचंय, माझ्याजोगं, जिथं जीव रमेल असं दुसरं गाव गाठायचंय. ग्रीनबर्गला मिनियापोलिसचा कंटाळा आला होता, त्याच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क होतं. मंडळी, हे ऐकल्यावर मी रेकॉर्डची पिन उचलून पाच मिनिटं गप्प बसलो होतो. कारण जे गाव सोडण्यासाठी तो तळमळत होता, त्याच गावाचा व्हिसा मिळावा म्हणून आपण मुंबईच्या अमेरिकन वकिलातीबाहेर पहाटेपासून रांग लावली होती. त्याचं कंटाळवाणं मिनियापोलिस हेच आपलं फंकीटाउन!

हे गाणं आलं तो काळही बघा. न्यूयॉर्कच्या क्लबांमधून कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांनी डिस्को वाढवला. १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर'नं तो घरोघरी पोचवला. मग त्याचा अतिरेक झाला आणि लोक उलटले. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डी पेटीत घालून स्फोटानं उडवल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या पेटीत जळलेल्या रेकॉर्डींमध्ये काळ्या कलाकारांच्या रेकॉर्डी किती होत्या, हा प्रश्न पुढं अनेकांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. डिस्को मेला असं त्या रात्री सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. आणि वर्षही पुरतं उलटलं नव्हतं तेव्हा, ३१ मे १९८० पासून सलग चार आठवडे, बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कोण? तर मिनेसोटाच्या थंडीतून आलेलं हे डिस्को गाणं. तेराव्याचं जेवण उरकायच्या आत मयत उठून नाचायला लागावं, तसं!

त्याच १९८० साली आपण काय ऐकत होतो? 'कुर्बानी'! फिरोज खानचा सिनेमा आणि त्यातलं नाझिया हसनचं 'आप जैसा कोई'. लंडनमध्ये वाढलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि संगीतकार बिद्दू. हा बिद्दू मूळचा बेंगळुरूचा. साठच्या दशकात तो गाव सोडून लंडनला गेला आणि १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' त्याच्याच निर्मितीत जगभर गाजलं. म्हणजे मिनियापोलिसचा एक तरुण गाव सोडायचं गाणं रचत होता आणि बेंगळुरूचा एक माणूस गाव सोडून गेलेला असल्यामुळे आपल्याला नाचवत होता. आमच्या वाडीत त्या वर्षी गणपतीच्या मांडवात सकाळी भीमसेनजी आणि रात्री नाझिया, असा बंदोबस्त होता. दोन्हींना गणपतीची हरकत दिसली नाही.

आता हे सगळं फोनवर दोन सेकंदांत ऐकता येत असताना मी ही काळी तबकडी का घेऊन आलो?

एक कोडं घालतो. मुलांनो, तुम्ही सांगा. रेकॉर्डच्या एका बाजूला खाचा किती असतात? शंभर? हजार? ... नाही. एकच! कडेपासून मध्यापर्यंत जाणारी एकच एक गुंडाळी. वीस मिनिटांच्या बाजूची ती खाच उलगडली तर साधारण ४३० मीटर लांब भरेल. 'फंकीटाउन' एलपीवर जवळजवळ आठ मिनिटांचं आहे, म्हणजे तेवढ्या वेळात ही थाळी २६० वेळा फिरते.

त्यातही एक मेख आहे. थाळी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला सव्वातेहतीस फेरे म्हणा ना. पण कडेला फेरा मोठा, आत लहान. म्हणून कडेला पिनखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला आत कमी जागा मिळते, म्हणून आतली गाणी थोडी बोथट वाजतात. शिवाय ढोलासारखा खालचा, जड आवाज पिनला डावी-उजवीकडे जोरात हलवतो, त्याला जागा जास्त लागते. म्हणून रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो ठरलेल्या हिशेबानं पुन्हा वाढवतो. आता डिस्कोला काय हवं? ढोल जोरात हवा, आणि गाणं लांबही हवं. दोन्ही एकदम छोट्या ७ इंची रेकॉर्डवर मावेना. म्हणून न्यूयॉर्कच्या डीजे मंडळींनी १२ इंची मोठी थाळी घेतली आणि त्यावर एकेकच गाणं ऐसपैस कापलं. १९७६ पासून अशा थाळ्या दुकानातही मिळायला लागल्या. लिप्स इंकच्या पहिल्या एलपीवरही गाणी फक्त चार आहेत. एवढ्या मोठ्या वाड्यात चारच बिऱ्हाडं! म्हणून आत्ता आपण ऐकलं तेव्हा बास पोटात जाणवला.

आणि या तबकडीशी आपलं नातं जुनं आहे. विनाइलच्या आधी ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असायच्या. ती लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जगाला ती मोठ्या प्रमाणावर पुरवली हिंदुस्थाननं. म्हणजे युरोप-अमेरिकेत आजोबा-पणजोबांनी ऐकलेल्या गाण्यांत आपल्याकडची झाडं होती. पुढं विनाइल आलं, मग ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त कॅसेटींनी रेकॉर्डींना घराबाहेर काढलं, मग सीडी, मग एमपीथ्री. संपलं असं वाटलं. पण अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डींच्या विक्रीचे पैसे १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडीपेक्षा जास्त झाले आणि २०२२ मध्ये नगांतही त्यांनी सीडीला मागं टाकलं: रेकॉर्डी चार कोटी दहा लाख, सीडी तीन कोटी तीस लाख. मिनियापोलिसचं १९६८ पासूनचं इलेक्ट्रिक फिटस हे दुकान आठवतंय ना? प्रिन्सही तिथं रेकॉर्डी घ्यायला यायचा. तिथं आज रांगेत उभी असलेली पोरं वीस-बावीस वर्षांची असतात.

एकाला मी विचारलं, "बाबा रे, फोनमध्ये सगळं असताना हे ओझं कशाला?" तो म्हणाला, "काका, फोनवर मी गाणं तीस सेकंदांत बदलतो. रेकॉर्ड बदलायला उठावं लागतं, म्हणून ऐकून होतं." मला हे फार पटलं. या आठ मिनिटांच्या गाण्यात मधे बराच वेळ कोणी गातच नाही, नुसता ठेका चालू राहतो. फोनवर आपण तिथं पुढं ढकललं असतं. रेकॉर्डवर थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. आत्ता तुम्ही बघत होतात.

आता मला मुख्य बोलायचंय ते बोलतो. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच घरांनी मोठी घरं विकली आणि टाउनहोममध्ये किंवा मुलांजवळ मुक्काम हलवला. सामान आवरताना मला फोन येतो, कारण मी रेकॉर्डी घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी जातो. गॅरेजमध्ये खोका असतो. त्यात गीतरामायण असतं, भीमसेनजी असतात, 'कुर्बानी' असतो आणि तळाशी अशी एखादी इंग्रजी नाचाची रेकॉर्ड असते, इथं आल्यावर पहिल्या-दुसऱ्या पगारात घेतलेली. घरातल्या काकू म्हणतात, "ती तुम्ही घेऊन जा, मुलांना काय करायच्यात?" आणि मग चहा पिताना बोलणं मुलांवर येतं. मुलगा सिअॅटलला चाललाय. मुलगी न्यूयॉर्कला गेली. "इथं काय कमी होतं हो? शाळा चांगल्या, तळी, मोकळी हवा, आम्ही जवळ. म्हणते, इथं काही घडत नाही!"

मंडळी, हे वाक्य ओळखीचं वाटतं का? सांगलीच्या, नागपूरच्या, दादरच्या स्वयंपाकघरात आपल्या आयांनी हेच विचारलं होतं. इथं काय कमी आहे? आपण तेव्हा एमएस, पगार, प्रयोगशाळा अशी कारणं दिली. ती खरी होती. पण त्यांच्या खाली आणखी एक कारण होतं, ते आपल्याला सांगता आलं नाही. पायांत काहीतरी होतं. ते कारण या गाण्यात आहे, आणि त्याला कुठलीही सबब लागत नाही.

माझ्या मते हे गाणं टिकलं त्याचं कारण हे आहे. ठेका चांगला असलेली गाणी त्या वर्षी शेकड्यांनी निघाली आणि विसरली गेली. या गाण्यात गावाचं खरं नाव नाही. ग्रीनबर्गनं 'न्यूयॉर्क' लिहिलं असतं तर ते न्यूयॉर्कचं गाणं झालं असतं. त्यानं एक कुठंच नसलेलं गाव लिहिलं, म्हणून ज्याला जिथं जायचंय ते गाव त्यात बसतं. शिवाय गाणारी तिथं पोचतच नाही. आठ मिनिटं ती निघालेलीच असते, आणि गाणं हळूहळू लहान होत जातं. पोचल्यावर बर्फ उपसावा लागतो, कर भरावा लागतो, हे तिला अजून माहीत नाही!

आणि ज्यानं हे लिहिलं त्या ग्रीनबर्गचं काय झालं? गाणं जगभर गाजल्यावरही तो मिनियापोलिसमध्येच संगीताचं काम करत राहिला. प्रिन्सला तर जगातलं कुठलंही शहर परवडलं असतं. तो इथंच, आपल्या शेजारी राहिला आणि २१ एप्रिल २०१६ ला पेझली पार्कमध्येच गेला. तेव्हा गाव सोडायचं गाणं म्हणणारी सगळी माणसं जातातच असं नाही, आणि गेलेली सगळी तुटतात असंही नाही. आपणच बघा. इतकी वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी या खोलीत चकल्या खात मराठीत बोलतोय.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली सोपी आहे. तुमच्या गॅरेजमधले आणि माळ्यावरचे रेकॉर्डींचे खोके आधी घरात आणा. आपल्याकडचा उन्हाळ्यातला उकाडा विनाइलला वाकवतो आणि ओल कव्हरं खाते. रेकॉर्डी आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. बोटं खाचांवर नकोत, कडेला धरा. धूळ असेल तर मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं पुसा, आडवं नको. पिन झिजलेली असेल तर आधी बदला, कारण झिजलेली पिन गाणं खरवडून काढते आणि गेलेलं परत येत नाही.

दुसरी विनंती जरा अवघड. त्या रेकॉर्डी मला देण्याआधी एकदा मुलांबरोबर ऐका. गीतरामायण ऐकाच, पण तळाची ती नाचाची रेकॉर्डही लावा, आणि ती तुम्ही कधी, कुठं, कितीला घेतली ते सांगा. आपल्या मुलांनी आपल्याला कायम ऑफिसची बॅग आणि मॉर्गेज यांच्यातच पाहिलंय. बावीस वर्षांचा बाबा एका भाड्याच्या खोलीत एकटाच नाचत होता, हे त्यांना कळू दे. आईनं घरच्यांशी भांडून विमान पकडलं होतं, हेही कळू दे. मग त्यांनी न्यूयॉर्कचं नाव काढलं की आपल्याला "इथं काय कमी आहे?" असं विचारायला तोंड राहणार नाही हे खरं, पण बोलणं तरी बंद पडणार नाही. आणि त्यांनी खोका बरोबर मागितला तर खुशाल द्या. माझ्या घरात तशीही जागा उरलेली नाही, असं आमच्या घरून सांगायला सांगितलं आहे!

ताई, बालगंधर्वांचं माझ्या लक्षात आहे. पण आता चहा यायला दहा मिनिटं आहेत आणि माझ्याकडे 'कुर्बानी'ची रेकॉर्ड आहे. खुर्च्या जरा भिंतीकडे सरकवा, मुलांना पुढं येऊ द्या. मुलांनो, आज तुमच्या आई-बाबांना नाचताना बघायचं आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.